चालू रेल्वेमार्गालगत काम: आराखडा कुठून सुरू करावा?

प्रश्नकर्त्यांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. दुहेरी, विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गालगत पावसाच्या पाण्याचा निचरा करणारे गटार बांधायचे आहे. बारा माणसे, एक पोकलेन आणि तीन आठवड्यांची मुदत आहे, आणि या काळात गाड्या नेहमीप्रमाणे चालू राहणार आहेत. सुरक्षा आराखड्यात त्यांनी चमकदार जॅकेट, हेल्मेट, रोज सकाळचा टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षेबद्दल होणारे छोटे बोलणे) आणि शिट्टी व झेंडी घेतलेला एक लुकआउटमन (गाडीवर नजर ठेवून इशारा देणारा माणूस) एवढे लिहिले आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. एवढे पुरेसे आहे का? "गाडीचा आवाज आम्हाला आधीच येतो" असे म्हणणाऱ्या जुन्या कामगारांना काय उत्तर द्यावे? आणि लुकआउटमन किती वेळाने बदलावा?

आराखड्यातली एकही गोष्ट चुकीची नाही, पण क्रम उलटा लागला आहे. जी साधने सर्वांत शेवटी आधाराला यायची, त्यांच्यापासूनच आराखडा सुरू होतो आहे. जॅकेटमुळे चालकाला माणूस दिसतो, परंतु माणूस दिसला म्हणून गाडी थांबत नाही. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातली पकड रस्त्यावरच्या टायरच्या तुलनेत फारच कमी असते. वेगात असलेल्या गाडीला इमर्जन्सी ब्रेक लावल्यानंतरही थांबायला कित्येक शे मीटर, आणि भार व उतार मोठा असेल तर एक किलोमीटरहून अधिक अंतर लागते. शिवाय गाडीला बाजूला वळता येत नाही. म्हणजे टक्कर टाळण्याची सगळी जबाबदारी रुळावरच्या माणसावर आणि त्याला तिथे उभे करणाऱ्यावर येते, आणि आराखडा हे गृहीत धरूनच लिहावा लागतो.

पुढे जाण्यापूर्वी एक मर्यादा सांगतो. प्रत्येक रेल्वेचे स्वतःचे नियमपुस्तक असते आणि तुमच्या जागेवर तेच अंतिम आहे. लाइनची कमाल गती, वळण, धुके, वीज ओव्हरहेड वायरमधून येते की जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून, आणि ब्लॉक (कामासाठी लाइनीवरची वाहतूक अधिकृतपणे बंद ठेवणे) मागण्याचा अधिकार कोणाला आहे, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. मी खाली देतो आहे ती विचार करण्याची पद्धत आहे. आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घालून पाहा.

जुन्या कामगारांच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावरून बाकीचे समजायला सोपे जाते. त्यांचा अनुभव खोटा नाही, तो वेगळ्या रुळांवरचा आहे. सांध्यांवरून खडखडत येणारी गाडी दुरून ऐकू यायची. आता रूळ वेल्ड करून सलग केलेले असतात, विजेवरच्या गाड्या डिझेल इंजिनासारख्या घरघरत नाहीत, आणि वारा गाडीच्या दिशेने वाहत असेल तर आवाज अगदी जवळ आल्यावरच पोहोचतो. त्यात शेजारी पोकलेन चालू असेल किंवा हातात कटर असेल, तर कानांचा भरवसा संपला. डोळ्यांचेही तसेच आहे. समोरून थेट आपल्याकडे येणारी मोठी वस्तू बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखी भासते, आणि मग एकाएकी मोठी होते. तिच्या वेगाचा अंदाज आपण बहुतेक वेळा कमी बांधतो. ब्रिटनमध्ये मार्गम येथे 2019 साली दोन ट्रॅक कामगार गाडीखाली सापडून मरण पावले. त्यांच्या कानांवर आवाजरोधक आवरणे होती, त्यांच्याजवळ आवाज करणारे यंत्र चालू होते आणि गाडीकडे लक्ष ठेवणारा लुकआउटमन तिथे नव्हता. तिघेही, म्हणजे हे दोघे आणि थोडक्यात वाचलेला त्यांचा साथीदार, नवखे नव्हते.

म्हणून आराखड्यातला पहिला प्रश्न "गाडी आल्याचे माणसाला कसे कळेल?" हा नसावा. "गाडी आणि माणूस एकाच वेळी एकाच जागी असण्याची गरज आहे का?" हा असावा. तुमच्या कामाचे मी तीन भाग पाडीन. गटाराचा जो भाग रुळापासून इतका दूर आहे की माणूस, यंत्र किंवा माल कोणत्याही परिस्थितीत लाइनीच्या कक्षेत जाऊ शकत नाही, तिथे मध्ये पक्के कुंपण उभे करून काम करावे. जो भाग जवळ आहे तो ट्राफिक ब्लॉक घेऊन, म्हणजे त्या लाइनीवरची वाहतूक अधिकृतपणे बंद करून, करावा. या दोन्हींत न बसणारे, हातहत्यारांचे, चटकन बाजूला होता येईल असे किरकोळ कामच लुकआउटमनच्या भरवशावर करावे. असे वर्गीकरण करायला बसल्यावर बहुतेक वेळा असे दिसते, की तिसऱ्या भागात ढकललेले निम्मे काम थोडे नियोजन केले तर दुसऱ्या भागात बसते. ब्लॉक मिळत नाही, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे आणि स्वतःही केली आहे. पण ती करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वेळेत आणि लेखी मागितला होता, हे विचारले की उत्तरे जरा अडखळतात.

कक्षा हा शब्द वापरला, तो स्पष्ट करतो. गाडी रुळांपेक्षा रुंद असते. बाहेरच्या रुळाच्या पलीकडे डब्याचा भाग साधारण पाऊण मीटर पुढे आलेला असतो, वळणावर तो आणखी बाहेर झुकतो, आणि मालगाडीवरून सुटलेली दोरी, ताडपत्री किंवा उघडे राहिलेले दार त्याहूनही बाहेर येऊ शकते. "मी रुळाच्या बाहेर उभा आहे" या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. सुरक्षित जागा किती अंतरावर असावी हे नियमपुस्तक गाडीच्या वेगानुसार सांगते. ते अंतर जमिनीवर चुन्याने आखून दाखवावे, म्हणजे अंदाजाने ठरवायला काही उरत नाही.

आता लुकआउटमनचे गणित, जे बहुतेक आराखड्यांत केलेलेच नसते. लाइनची गती ताशी 110 किलोमीटर धरू, म्हणजे गाडी सेकंदाला साधारण साडेतीस मीटर येते. लुकआउटमनला गाडी दिसली, त्याने शिट्टी वाजवली आणि ती माणसांच्या ध्यानात आली, यात चार सेकंद गेले. वाकलेला माणूस सरळ होऊन हत्यार बाजूला घेईपर्यंत पाच. खडीवरून सुरक्षित जागेपर्यंत चालायला सहा. हे पंधरा सेकंद झाले. त्यावर ब्रिटिश रेल्वेच्या नियमात गाडी पोहोचण्यापूर्वी किमान 10 सेकंद आधी सगळे सुरक्षित जागी उभे असले पाहिजेत असे आहे, आणि तो नियम मला कुठेही वापरण्याजोगा वाटतो. एकूण पंचवीस सेकंद, म्हणजे सुमारे 765 मीटर. लुकआउटमन जिथे उभा राहणार, तिथून त्याला दोन्ही बाजूंना एवढे अंतर स्वच्छ दिसायला हवे. वळणामुळे 400 मीटरच दिसत असेल तर हातात जेमतेम तेरा सेकंद उरतात आणि तिथे एका लुकआउटमनने काम करताच येत नाही. पुढे आणखी माणसे उभी करून इशारा पोहोचवावा लागतो किंवा ब्लॉकच घ्यावा लागतो. पुढे माणूस उभा केला तर त्याचा इशारा पोहोचायला लागणारे सेकंदही हिशेबात येतात, हे विसरू नये. धुके, मुसळधार पाऊस आणि अंधार यांत हे सगळे गणित मोडते, त्या वेळी चालू लाइनीवर केवळ लुकआउटमनच्या आधाराने काम करू नये.

पंधरा सेकंदांचा आकडा कागदावर ठरवू नका. सर्वांत सावकाश हलणाऱ्या माणसाला, त्याच्या नेहमीच्या हत्यारासह, लाइनीपासून दूर अशाच खडीवर उभे करा आणि घड्याळ लावून पाहा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा माझा अंदाज आठ सेकंदांचा होता आणि प्रत्यक्षात चौदा लागले. घमेले कुठे ठेवायचे या विचारात त्याचे तीन सेकंद गेले होते.

दुहेरी मार्गावर याहून वेगळा एक सापळा असतो. एका लाइनीवर गाडी आली म्हणून माणसे दुसऱ्या लाइनीवर सरकतात, आणि पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरी गाडी ऐकू येत नाही व तिच्या आडोशाने दिसतही नाही. इशारा मिळाल्यावर सगळ्यांनी एकाच, आधी ठरलेल्या बाजूला जायचे आणि दोन लाइनींच्या मधल्या जागेत कधीही उभे राहायचे नाही, हे सकाळी सांगण्यापेक्षा एकदा करवून घ्यावे. गाडी गेल्यावर लगेच पुढे जायचे नाही, लुकआउटमनने मोकळीक दिल्यावरच जायचे. ब्लॉक एकाच लाइनीचा असेल आणि शेजारची चालू असेल, तर माझ्या मते धोका दुप्पट लक्ष मागतो, कारण "लाइन बंद आहे" एवढेच माणसांच्या डोक्यात राहते. दोन्हींच्या मध्ये अडथळा उभा करता येत असेल तर तो करावा, नाहीतर फक्त शेजारच्या लाइनीकडे माणसांना जाऊ न देणे एवढेच काम असलेला एक माणूस नेमावा.

पोकलेनबद्दल प्रश्नात एकच ओळ आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या कामातला सर्वांत मोठा धोका तोच आहे. माणूस पंधरा सेकंदांत बाजूला होतो, यंत्र होत नाही. यंत्र कुठे उभे आहे यापेक्षा त्याची बूम, बादली आणि मागचे वजन फिरताना कुठवर जातात, आणि ते कलंडले तर कुठवर पडेल, ही वर्तुळे नकाशावर काढून पाहावीत. कोणतेही वर्तुळ चालू लाइनीच्या कक्षेत शिरत असेल, तर ते काम ब्लॉकमध्येच करायचे. बूम रुळाच्या बाजूला फिरणारच नाही असा यांत्रिक अटकाव बसवता येतो, तो चालकाच्या सवयीपेक्षा भरवशाचा असतो. दुसरी गोष्ट खोदकामाची. गाडीचा भार स्लीपरच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीच्या, टोकापासून खाली तिरकस पसरत जातो, आणि त्या पट्ट्यात चर खणला तर भरावाचा आधार जाऊन रूळ खचू शकतो, पावसात तर अधिकच. किती खोल, किती जवळ आणि एका वेळी किती लांबीचा चर खणायचा, हे मुकादमाने ठरवायचे नसते. ते ट्रॅकच्या अभियंत्याकडून लिहून घ्यावे. लाइनीलगत सिग्नलच्या केबली असतात, म्हणून यंत्र लावण्यापूर्वी त्यांची जागा दाखवून घेऊन हाताने चाचणी खड्डे करावेत.

विजेचे आता. ओव्हरहेड वायरमध्ये अनेक ठिकाणी 25,000 व्होल्ट असतात आणि त्या दाबाला स्पर्शाचीही गरज नसते, पुरेसे जवळ गेले की हवेतूनच ठिणगी उडी मारते. चालू वायरपासून किती दूर राहायचे याचे आकडे वेगवेगळे आहेत. भारतीय रेल्वेवर 2 मीटर, ब्रिटनमध्ये 2.75 मीटर. यात हातातली शिडी, पाइप, रूळ किंवा पहार यांची लांबी धरायची असते, आणि पोकलेनची बूमही. तिसऱ्या रुळाच्या पद्धतीत दाब 750 व्होल्टसारखा कमी असतो, पण वीज पायाशी असते आणि चुकून पाय पडणे सोपे असते.

पॉवर ब्लॉक मिळाला, म्हणजे वायरचा वीजपुरवठा अधिकृतपणे बंद झाला, म्हणून वायर मृत झाली असे नव्हे. समांतर चालू लाइनीमुळे बंद वायरमध्येही जिवावर बेतेल इतका दाब निर्माण होऊ शकतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (वायरमधली वीज जमिनीत उतरवणारे दांडे) लागलेले डोळ्यांनी पाहावे आणि परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात घेतल्याशिवाय कोणालाही वर जाऊ देऊ नये. रॉड लावताना आधी त्याचे टोक अर्थिंगला, म्हणजे सहसा रुळाला, घट्ट जोडायचे आणि मग हूक वायरला लावायचा. काढताना आधी वायरवरचा हूक सोडायचा. हा क्रम उलटला तर जोडणारा माणूसच विजेची जमिनीकडे जाणारी वाट होतो. बारीक वाटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे धातूची मोजपट्टी. ती वायरजवळ धोक्याची आहेच, पण दोन रुळांवर आडवी पडली तर ट्रॅक सर्किट (रुळांवर गाडी आहे की नाही हे ओळखणारी विजेची जोडणी) शॉर्ट होऊन सिग्नल लाल होतो आणि गाड्या खोळंबतात. कापडी दिसणाऱ्या काही पट्ट्यांमध्येही धातूची तार विणलेली असते, हे तपासून घ्यावे.

इथवरचे सगळे काम चालू असतानाच्या वेळेबद्दल झाले. माझ्या अनुभवात मात्र गफलत बहुतेक वेळा कामाच्या कडांवर होते. ब्लॉक सुरू होण्यापूर्वी "तोवर सामान तरी आत नेऊन ठेवू" म्हणतात तेव्हा, कामाच्या जागेपर्यंत लाइनीलगत चालत जाताना, किंवा सगळे आवरल्यावर. अनेक वर्षांपूर्वी रात्रीच्या दोन तासांच्या ब्लॉकमध्ये स्लीपर बदलण्याच्या कामावर मी प्रमुख होतो. वेळ संपायला दहा मिनिटे असताना मी सगळ्यांना बाहेर काढले, चौदाच्या चौदा माणसे मोजली आणि लाइन परत दिल्याची सही केली. त्यानंतर एका मुलाच्या लक्षात आले की जॅक दोन रुळांच्या मध्येच राहिला आहे, आणि तो कोणालाही न सांगता आणायला गेला. चार मिनिटांनी त्याच लाइनीवरून सुटे इंजिन गेले. तो जॅक पोटाशी धरून खडीवरून घसरत खाली आला तेव्हा इंजिन त्याच्यापासून वीस-पंचवीस मीटरवर होते. चूक माझी होती, मी माणसे मोजली होती, हत्यारे मोजली नव्हती. तेव्हापासून माझ्या कामावर हत्यारांची यादी आत जाताना आणि बाहेर येताना वाचली जाते, यादी जुळेपर्यंत सही होत नाही, आणि सही झाल्यावर काही राहिल्याचे आठवले तर त्यासाठी नवा ब्लॉक मागितला जातो. त्यावर एकदा दोन हजारांचे हत्यार वाचवण्यासाठी वाहतूक थांबवता का, असे मला वरून विचारले गेले. रुळांवरचे हत्यार वाचवायचे नसते, ते गाडीच्या वाटेतून काढायचे असते, असे मी सांगितले.

रुळांवर चालणाऱ्या ट्रॉलीबद्दल एक परिच्छेद लिहिणे भाग आहे, कारण माल नेण्यासाठी तुम्हाला ती लागणार. रुळांवर घर्षण कमी असल्याने डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या उतारावरही ती सुटते. इंग्लंडमध्ये टीबे येथे फेब्रुवारी 2004 मध्ये रूळ लादलेली अशीच एक वाघिण (माल वाहणारी गाडी) ब्रेक निकामी केलेल्या अवस्थेत निसटली, उतारावरून काही किलोमीटर घरंगळत गेली आणि दुसऱ्याच जागी काम करणाऱ्या चौघांचा तिने जीव घेतला. त्या चौघांच्या स्वतःच्या आराखड्यात ही वाघिण असण्याचे काही कारणच नव्हते. तुमच्या ब्लॉकच्या हद्दीत आणखी कोणाचे काम चालू आहे, आणि ते उताराच्या वरच्या अंगाला आहे का, हे म्हणून विचारून घ्या.

टूलबॉक्स टॉकबाबत माझा आग्रह एवढाच, की तो भाषण होऊ नये. मी बोलणे पाच मिनिटांत संपवतो आणि मग एखाद्याला, शक्यतो सर्वांत गप्प राहणाऱ्याला, विचारतो: कोणती लाइन चालू आहे? शिट्टी झाली तर कोणत्या बाजूला जाशील? हात करून दाखव. हात चुकीच्या बाजूला गेला तर दोष सांगणाऱ्याचा धरून मी पुन्हा सांगतो. उशिरा आलेल्या किंवा दुपारी बदली आलेल्या माणसाला हे सगळे नव्याने सांगितल्याशिवाय आत घेत नाही. कोणीही, अगदी कालच लागलेल्या मुलानेही, काम थांबवायला सांगितले तर ते थांबते. त्याची शंका निराधार निघाली तरी त्याला बोल लावायचा नाही, नाहीतर पुढच्या खेपेला तो गप्प बसेल.

यंत्र किंवा माल चालू लाइनीत अडकलाच, तर पहिले काम तो ओढून काढण्याचे नसते. गाड्या थांबवण्याचे असते. कोणाला, कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि जागा कशी सांगायची, म्हणजे किलोमीटरचा दगड व खांब क्रमांक, हे कागद प्रत्येक मुकादमाच्या खिशात असावेत. त्या घाईत "तिकडे पुलाच्या अलीकडे" असे सांगितले जाते आणि पलीकडच्या माणसाला काहीच कळत नाही. फोन चालू असतानाच लाल झेंडी किंवा दिवा घेऊन, जिकडून गाडी आधी येण्याची शक्यता आहे त्या बाजूला प्रथम, माणूस पाठवायचा.

राहिला लुकआउटमन किती वेळाने बदलावा हा प्रश्न. तुमच्या रेल्वेने मर्यादा घालून दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर मी तासाभराहून अधिक कोणाला सलग उभे करत नाही, ऊन, थंडी किंवा गाड्यांची वर्दळ जास्त असेल तर अर्ध्या तासातच बदलतो. नवा माणूस जागेवर येऊन दोन्ही बाजू पाहून "घेतली" म्हणत नाही तोवर जुना हलत नाही, आणि या अदलाबदलीत काम थांबलेले असते. लुकआउटमनच्या हातात मोबाइल नको आणि फावडेही नको. माणूस कमी पडला म्हणून "जरा हात लाव" असे त्याला सांगितले जाते, त्या क्षणी तुमच्याकडे लुकआउटमन उरलेला नसतो. तीन आठवड्यांच्या मुदतीत पाळ्या लावताना आधीच्या रात्रीची झोपही धरावी. लंडनमधल्या क्लॅपहॅम जंक्शनला 1988 साली सिग्नलच्या सुट्या राहिलेल्या तारेमुळे 35 जणांचा जीव गेला, आणि ती तार हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या 13 आठवड्यांत फक्त एक दिवस सुट्टी मिळाली होती.

लाइनची कमाल गती, कामाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना किती अंतर दिसते, आणि रुळाच्या कडेपासून चराच्या कडेपर्यंतचे अंतर, हे तीन आकडे कळवलेत, तर तुमचा कोणता तुकडा ब्लॉकमध्ये घ्यावा लागेल आणि कोणता कुंपणाआड करता येईल, हे अधिक नेमके सांगता येईल.